बुरशीचे स्वभक्षण आणि भाताचा करपा

भात लावणाऱ्या शेतकऱ्याला करपा म्हणजे काय हे सांगायला नको. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मध्ये राखी, कडेला तपकिरी. रोग लोंबीच्या मानेपर्यंत पोचला, की दाणा भरत नाही. हा रोग कोकणात आहे, तसाच जपानातही आहे. जगभर दर वर्षी तो जेवढा भात बुडवतो, तेवढ्यावर सहा कोटी माणसे जेवतील, असा अंदाज नेहमी सांगतात.

करपा आणते मॅग्नापोर्थे ओरायझी नावाची बुरशी. तिचा बीजाणू तीन पेशींचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. दवाच्या थेंबात तो पानाला चिकटतो, काही तासांत त्याला नळी फुटते आणि तिच्या टोकाशी एक घुमट उभा राहतो. आता पंचाईत पाहा. पान मेणचट नि चिवट, थेंबात नुसते पाणी, खायला काही नाही. मग पान फोडायचे बळ आणायचे कुठून?

बळ दाबातून येते. घुमटाच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो. आत ग्लिसरॉल साठते. ते पाणी ओढून घेते आणि या थरामुळे बाहेर झिरपत नाही. दाब ८० वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकात भरतात त्याच्या तीसपटींहून अधिकच! त्या जोरावर घुमटाच्या तळातून एक खुंटी पानात घुसते.

या सगळ्याला बीजाणूची शिदोरी पुरवायची असते, आणि इथे स्वभक्षण येते. पेशी आपलेच भाग दुहेरी पापुद्र्यात गुंडाळते, रिक्तिकेत नेऊन विरघळवते आणि तो माल पुन्हा वापरते. 'ऑटोफॅजी' हे नाव द दूव्ह यांनी १९६३ साली दिले. ओसुमी यांनी यीस्टमध्ये त्याची जनुके शोधली. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठात टॅलबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, ते मला फार विलक्षण वाटते. बीजाणूतील एक केंद्रक दुभंगते, त्यातले एक घुमटात जाते. मागे राहिलेली तीन केंद्रके नष्ट होतात आणि बीजाणू कोसळतो. संशोधकांनी स्वभक्षणाचे एक जनुक, एटीजी-८, काढून टाकले. मग बीजाणू मेला नाही; घुमटही झाला. रोग मात्र झाला नाही! बीजाणू मरतो म्हणून बुरशी पानात शिरते. २००९ साली त्याच विद्यापीठात अशी सोळा जनुके एकेक करून काढून पाहिली, तेव्हाही हेच दिसले.

मग स्वभक्षण थांबवणारे औषध फवारावे, असे कुणीही म्हणेल. पण ही यंत्रणा भाताच्या पेशीत आहे, तुमच्याआमच्या पेशीतही आहे. तेव्हा बुरशीपुरतीच बिघडेल अशी एखादी कळ सापडायला हवी. करप्यावर वापरलेले ट्रायसायक्लाझोल हे औषध स्वभक्षणाला हातच लावत नाही. ते मेलॅनिन बनू देत नाही, त्यामुळे घुमटात दाब टिकत नाही.