चेहऱ्यामागचं मागणं

सेवाग्राम आश्रमात आजही परचुरे कुटी उभी आहे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री १९३९ साली कुष्ठरोग घेऊन आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतः मालिश केलं. त्याआधी १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली होती. वय लपवणाऱ्या उपचारांचा मागोवा घेताना मला इथूनच निघावंसं वाटतं.

कुष्ठरोगात भुवया झडतात, नाकाचा दांडा बसतो. सुजलेली कातडी औषधाने ओसरली की सैल पडते आणि ऐन तिशीतला माणूस म्हातारा दिसू लागतो. रोग गेला तरी चेहरा त्याची बातमी सांगत राहतो. म्हणून मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांच्यासारख्यांनी अशा रुग्णांची नाकं उभारली, भुवया रोवल्या, सैल कातडी ताणून बसवली. आज ज्याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात तेच हे. त्याला कुणी चैन म्हटलं नाही. त्या माणसांना आपल्या गावात परत जायचं होतं.

दरम्यान काळ पालटत होता. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आलं, १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघालं, १९८२ पासून बहुविध औषधोपचारांनी कुष्ठरोग मागे हटू लागला. १९९० मध्ये वर्ध्याजवळच्या सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिकडे अमेरिकेत तिरळेपणासाठी वापरात आलेल्या बोटॉक्स या टोचायच्या औषधाला २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळाली. मग वयाच्या खुणा हीच तक्रार घेऊन माणसं दवाखान्यात येऊ लागली.

कुष्ठरोग आणि सुरकुत्या, या दोन दुःखांची बरोबरी होत नाही. पण सुरकुत्या घेऊन येणाऱ्यांचं मागणं ऐका. “सगळे विचारतात, बरं नाही का तुम्हाला? मी तर ठणठणीत आहे.” आतलं वय आणि दिसणारं वय यांची फारकत झाली की आरसा परका वाटतो. निवृत्ती, लेकीचं लग्न, जोडीदाराचं जाणं, अशा वळणांवर ही बोच वाढते. तारुण्याच्या हौसेपेक्षा खड्यासारखं बाजूला काढलं जाण्याची भीती मोठी असते.

म्हणून “कुठे टोचू?” याआधी “आत्ताच का?” हे विचारायला हवं. एका आठीची नेमकी तक्रार असलेला माणूस सहसा समाधानाने घरी जातो. सुरकुती गेली की नवरा पुन्हा बोलू लागेल, ही आशा मात्र सुई पुरी करू शकत नाही. काहींना तर नसलेलं किंवा नगण्य व्यंगच दिवसरात्र छळतं. इटलीच्या एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच या आजाराचं वर्णन केलं. त्यावर इलाज मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. चेहऱ्यावरच्या उपचारांनी तो सहसा शमत नाही.

बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. ही नजर माणूस एकट्याने घडवत नाही. घर आणि गाव ती घडवतात.

मालिशने परचुरे शास्त्रींचा रोग गेला नाही. पण ज्या अंगाला लोक शिवत नव्हते, त्याला रोज कुणीतरी हात लावत होतं. सुरकुत्या घेऊन आलेल्या माणसालाही डॉक्टरने आणि घरच्यांनी आधी तेवढं जवळ घ्यावं. उपचार करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.