उघडी वही (लेखांक ११) : मालक गेला तर?

जीपीएल आणि एमआयटी या सॉफ्टवेअरच्या दोन परवान्यांतला फरक आज सांगायचा होता. तो राहू द्या. फर्दापूरच्या एका लॉजमालकांची चिठ्ठी आली आहे आणि ती वाचल्यापासून परवान्यांत माझं मन लागेना. चिठ्ठी अशी :

"सर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडं ईआरपीनेक्स्ट बसवून दिलं. चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण तुमचे लेख वाचून उलट भीतीच वाटायला लागली. ज्यांनी हे बनवलं त्यांनी उद्या शटर ओढलं, तर माझ्या खोल्यांची बिलं कोण दुरुस्त करणार? पैसे मोजले असते तर निदान भांडता तरी आलं असतं."

(ईआरपीनेक्स्ट म्हणजे धंद्याचा सगळा हिशेब ठेवणारं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेलं सॉफ्टवेअर.) भांडता आलं असतं, हे काही खरं नाही. विकतच्या सॉफ्टवेअरचा करार एकदा शेवटपर्यंत वाचा. नुकसानीची जबाबदारी फार तर तुम्ही भरलेल्या रकमेपुरती, असं त्यात बहुतेक वेळा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बाकीचा प्रश्न मात्र अस्सल आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत इतकी वर्षं हिंडतोय. तिथं पहिला प्रश्न येतो, "फुकट आहे ना?" दुसरा येतो, "टॅलीतला डेटा यात येईल ना?" तिसरा सहसा येतच नाही. या मालकांनी तिसऱ्यापासूनच सुरुवात केली.

आणि गंमत म्हणजे ते अजिंठ्याच्या ज्या डोंगराच्या जिवावर धंदा करतात, तिथंच हा प्रश्न दगडात कोरून ठेवलाय. पर्यटक पहिलं-दुसरं लेणं बघतात, सोळावं-सतरावं बघतात, सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध बघून घामाघूम होऊन परत फिरतात. चोविसाव्यात कुणी थांबत नाही. मी थांबतो. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सगळ्यात मोठ्या विहारांत ते मोजलं गेलं असतं. दगड आतून कसा काढत, हे तिथं उघडं दिसतं. आधी लांबच लांब गल्ल्या पाडायच्या आणि मग मधल्या भिंती फोडायच्या. इथं फोडायचं काम राहून गेलंय. छिन्नीचे वळ तसेच आहेत.

का राहून गेलं? वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्य अजिंठ्यावर घालवलं. त्यांचं म्हणणं असं, की वाकाटक राजा हरिषेण इ.स. ४७७च्या सुमारास अचानक गेला, राज्य विस्कटलं, लेण्यांना पैसा पुरवणारे पांगले आणि हातोडे जागच्या जागी थांबले. सगळ्या अभ्यासकांना त्यांचा हा वर्षावर्षाचा हिशेब पटत नाही. पण काम अर्ध्यात थांबलं, हे बघायला अभ्यासक लागत नाही.

तर मालक जातो. सॉफ्टवेअरमध्येही जातो. लॉजमालकांनी धसका घेऊ नये, पण त्यांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरात हे एकदा होऊन गेलेलं आहे. त्यांची बिलं, पाहुण्यांची नावं, चादरी धुण्याचा हिशेब हे सगळं मारियाडीबी नावाच्या डेटाबेसात बसतं. हा डेटाबेस मुळात मायएसक्यूएल. फिनलंडच्या मॉन्टी विडेनियसनं तो उभा केला आणि थोरल्या मुलीचं नाव दिलं, माय. २००८मध्ये सन कंपनीनं मायएसक्यूएल एक अब्ज डॉलरला घेतला. पुढं सनलाच ओरॅकलनं घेतलं. तो व्यवहार २०१०च्या जानेवारीत पुरा झाला. स्वतःचा महागडा डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकलच्या हातात स्पर्धक आयता आला म्हटल्यावर पुढं काय होणार, ही शंका सगळ्यांनाच आली. विडेनियसनं वाट पाहिली नाही. कोड जीपीएलखाली उघडा होता. त्यानं त्याची प्रत उचलली, जुने सहकारी गोळा केले आणि वेगळी चूल मांडली. मायएसक्यूएल हे नाव मात्र नेता आलं नाही, ते कंपनीच्या मालकीचं. मग धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया.

याला फोर्क म्हणतात, आपल्या भाषेत फाटा. भाऊबंदकीत वाटणी होते तसं हे नाही. वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धंच येतं, फाट्यात दोघांकडंही अख्खं शेत राहतं. पुढं कुणाचं पिकतं ते नांगर कोण धरतो यावर.

एवढ्यावर संपलं नाही. २०२४मध्ये मारियाडीबीच्या कंपनीचाही मालक बदलला, के-वन नावाच्या गुंतवणूकदारांनी ती घेतली. मूळ कोड सांभाळणारी संस्था, म्हणजे मारियाडीबी फाउंडेशन, वेगळी आहे. आता सांगा, तेव्हा फर्दापुरात एक तरी बिल अडलं का?

पण या एका गोष्टीवरून सगळं ओपन सोर्स अमरपट्टा घेऊन आलंय, असं कुणी धरून चालू नये. मारियाडीबी तगला, कारण मायएसक्यूएल आतून ओळखणारी माणसं बाहेर पडायला तयार होती आणि त्यावर पोट असलेले हजारो धंदे जगभर होते. इंटरनेटवर चोविसावी लेणीच जास्त आहेत. एखाद्यानं उत्साहानं दोन वर्षं खोदलं, लग्न झालं, नोकरी लागली, संपलं. कोड उघडा आहे, कुणीही न्यावा. नेत कुणी नाही.

म्हणून निवडताना मी किमतीच्या आधी एकच बघतो, भिंतीवर किती दात्यांची नावं आहेत. दहाव्या लेण्याचं दर्शनी मुख वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाचं दान, भिंत दुसऱ्याच कुणाची. बाराव्यात घनमदड नावाच्या व्यापाऱ्याचा लेख आहे, खोल्यांसकट लेणं त्यानं दिलं. जुन्या लेण्यांत हे असंच चालायचं. सॉफ्टवेअरलाही अशी भिंत असते. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं, याची नोंद उघडी असते. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी ती वाचता येते. गेल्या बारा महिन्यांत बदल करणारे किती? ते सगळे एकाच कंपनीचे पगारी, की चार ठिकाणचे? लोकांनी नोंदवलेल्या चुकांना उत्तर मिळतं का, की दोन-दोन वर्षं तशाच पडून आहेत? चहा गार व्हायच्या आत हे बघून होतं.

एकाच माणसाच्या खांद्यावर ओझं ठेवलं की काय होतं, ते २०२४च्या मार्चमध्ये जगानं पाहिलं. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक छोटं साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळत होते आणि थकले होते. मदतीला कुणी 'जिया टॅन' आला. दोन-अडीच वर्षं नेमानं काम केलं, विश्वास कमावला आणि मग हळूच चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका डेव्हलपरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं. पण खणायची खोड असलेला माणूस तिथं होता हे नशीब, आणि नशिबावर धंदा चालवू नये.

घनमदडाचे वंशज अजून आहेत, हेही सांगायला हवं. शेअर दलालीतल्या झिरोधा कंपनीचा कारभार बराचसा ओपन सोर्सवर चालतो, ईआरपीनेक्स्टही ते वापरतात. त्यांनी २०२४च्या ऑक्टोबरात जगभरच्या अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. याला मी दानधर्म म्हणणार नाही. ज्या छपराखाली आपण बसतो त्याची कौलं शाकारायला पैसे देणं, हा सरळ व्यवहार आहे. आपल्याकडच्या किती कारखान्यांनी असा एक रुपया दिलाय, ते मी विचारत नाही.

आता हीच फूटपट्टी ईआरपीनेक्स्टला लावतो, नाहीतर लॉजमालक म्हणतील सरांनी विषय टाळला. हे बनवणारी फ्रॅपे कंपनी मुंबईची, २००८पासूनची, ऋषभ मेहता यांनी सुरू केलेली. मूळ कोडचा मोठा भाग कंपनीचीच माणसं लिहितात. म्हणजे दाता मोठा, पण बराचसा एकटा. इथं मी पैकीच्या पैकी गुण देत नाही. जमेची बाजू अशी, की परवाना जीपीएल आहे, त्यामुळं उद्या दार बंद झालं तरी आजवरचा कोड बाहेरच राहतो. शिवाय ते बसवून देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या संस्था देशात जागोजागी आहेत. आणि आपल्या सगळ्यांचा जीव ज्यात अडकलेला असतो, तो जीएसटीचा भाग चौदाव्या आवृत्तीपासून वेगळा काढलाय, तो वेगळी मंडळी सांभाळतात. ई-इनव्हॉइसची मर्यादा २०२०मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवर आली. प्रत्येक पायरीला कुणीतरी जागं राहून कोड बदलत होतं. माझा निकाल : फ्रॅपे थांबली तर काम मंदावेल, बिलं थांबणार नाहीत.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की मालकांनी प्रश्न बरोबर विचारलाय, फक्त बोट चुकीच्या माणसाकडं दाखवलंय. मुंबईची कंपनी जाईल तेव्हा जाईल. त्यांच्या लॉजवर सर्व्हरचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? मला. बॅकअप कुठं जातो? मला माहीत. बिलाच्या नमुन्यात उर्दू नावं नीट उमटावीत म्हणून जी खटपट केली, ती कुठं लिहून ठेवली आहे? माझ्या डोक्यात. माझं वय सत्तावन्न, आणि अजिंठ्याचा घाट मी मोटरसायकलवर उतरतो.

हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण वाळूजमध्ये एकदा अंगाशी आलं होतं. जॉबवर्कचा कारखाना. मोठ्या कंपनीकडून कास्टिंग येतात, मशीनिंग करून चलनावर परत जातात. पार्टीला चलनातच स्क्रॅपचं वजन हवं होतं. रीतीप्रमाणं असला बदल वेगळ्या कस्टम ॲपमध्ये ठेवायचा असतो. मी घाईत होतो. सरळ मूळ फाइलीत हात घातला, पाच ओळी लिहिल्या, चलन छापलं, मालकांनी पाठ थोपटली. आठ महिन्यांनी एका रविवारी अपडेट केलं. नव्या फाइलीनं जुनी फाइल झाकली. सोमवारी सकाळी साडेआठला फोन.

"सर, गाडी गेटवर उभी आहे अन् स्क्रॅपचा कॉलम गेला कुठं?"

त्या दिवशी स्क्रॅपचं वजन निळ्या पेनानं लिहून गाडी सोडली. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, बनवणाऱ्यांची तर मुळीच नव्हती. मी त्या कारखान्यासाठी मूळ झाडापासून तुटलेला पाच ओळींचा एक फाटा काढला होता आणि त्याचा एकुलता एक दाता मीच होतो. आता असा बदल मी वेगळ्या ॲपमध्ये ठेवतो, आणि तो चार जणांच्या उपयोगाचा असेल तर मूळ प्रकल्पाकडं पाठवतो. त्यांनी घेतला तर पुढची देखभाल त्यांच्या अंगावर. पाठवलेल्यांपैकी दोन घेतले गेलेत, बाकीचे परत आले. एकावर तर "हे फक्त तुमच्याच कामाचं दिसतंय" असा शेरा होता. खरंच होतं.

बॅकअपचं वेगळं सांगतो. आमच्या अजिंठा गावात पारोची कबर आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी आणि पारो यांची प्रेमकथा इथं पोरंसोरंही सांगतात. गिलच्या चित्रांची गोष्ट कमी लोक सांगतात. १८४४पासून जवळजवळ वीस वर्षं त्यानं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा तेरा वर्षं नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोन्ही वेळा नकला एका छपराखाली. बॅकअपची फाइल त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवणाऱ्यांनी आगींची ही दोन सालं काउंटरवर लिहून ठेवावीत. (२०२०मध्ये कोड साठवणाऱ्या गिटहब कंपनीनं जगातला उघडा कोड फिल्मवर उतरवून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या बंद कोळसा खाणीत ठेवला. त्याच कोठारात पुढं अजिंठ्याच्या चित्रांच्या डिजिटल प्रतीही पोचल्या. आपला पद्मपाणी आणि तुमच्या बिलाचा कोड शेजारी-शेजारी! यावर कधीतरी अख्खा लेख लिहीन.)

बॅकअप घेतला म्हणजे झालं, असंही नाही. तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला नसेल तर तो बॅकअप नव्हे, नुसती फाइल. एका गिऱ्हाइकाकडं सहा महिने रोज रात्री इमानदारीत बॅकअप होत होता. उघडला तर प्रत्येक फाइल शून्य केबीची. डिस्क भरली होती, कुणी पाहिलं नव्हतं.

तर मालक, येत्या सोमवारी लेणी बंद म्हणजे तुम्हालाही सवड असेल. मी अकराला येतो. एक जुना लॅपटॉप चार्ज करून ठेवा, त्यावर तुमच्या मुलाकडून बॅकअप उघडून घेऊ. मी हात लावणार नाही, फक्त बाजूला बसेन. पासवर्ड आणि केलेले सगळे बदल कागदावर लिहून आणतो. लिफाफा तुमच्या तिजोरीत ठेवा. परवान्यांचं पुढच्या शनिवारी.