आधी ढाळ, मग फरशी

सकाळी 6:30
देवरूखजवळच्या एका वाडीत पोचलो. मृग आठवड्यावर आलाय. नवीन घराचा मालक मुंबईला असतो. घरात त्याचे वडील. "भिंतीला आतून ओल येते, तेवढं बघा," म्हणाले. मी भिंतीकडे न जाता अंगणात गेलो.

गवंड्याने पाण्याची नळी काढली. एक टोक जोत्याशी, दुसरं दहा फुटांवर गडग्याजवळ. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत स्थिरावलं की तिथून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. जोत्याशी 30 इंच भरले, गडग्याशी 28. म्हणजे गडग्याकडची जमीन दोन इंच उंच, आणि अंगणातलं सगळं पाणी घराकडे. "ढाळ उलटा पडलाय," गवंडी म्हणाला.

सकाळी 8
पाया भरल्यावर भिंतीलगतच्या चरात माती नुसती लोटलेली, वर धुम्मस फिरलेला नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती बसली आणि जोत्याच्या कडेने खळगा झाला. हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 9,300 लिटर पाणी खाली येतं, आणि इथे पन्हळीचा पाइप नेमका त्याच खळग्यात सोडलेला. जांभा सच्छिद्र दगड. पायथ्याशी साचलेलं पाणी तो वर ओढतो. मग भिंत खरवडा, वॉटरप्रूफिंग करा, रंग द्या, आणि पुढच्या श्रावणात पोपडे पुन्हा गळतात. लोकांचा कष्टाचा पैसा असा जातो याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय साधा आहे. भिंतीलगत चिकट माती थराथराने भरून धुमसायची. कच्च्या अंगणाला जोत्यापासून बाहेर दहा फुटांत सहा इंच ढाळ द्यायचा. फरशी किंवा पेव्हर असतील तर अडीच इंच पुरतात. पन्हळीचं पाणी पाइपाने थेट गटारात न्यायचं.

सकाळी 10
आजचं खरं काम इथे, उतारावरच्या दुसऱ्या एका घरात. डोंगर कापून सपाटी केली आहे आणि मागची कापलेली दरड स्वयंपाकघरापासून जेमतेम चार फुटांवर उभी आहे. वर जांभा, खाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती. पाऊस जांभ्यातून झिरपत उतरतो, शेडीवर अडतो आणि आडवा सरकत कापलेल्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणून पाऊस उघडला तरी या घरामागे पाणी वाहत राहतं. ओली शेडी भार पेलत नाही. दरड ढासळते ती अशी. इथे ओलीपेक्षा माणसांच्या जिवाची काळजी आधी.

दरडीच्या वर, काठापासून मागे सरकून, आडवा चर मारायला सांगितला. त्याला एका बाजूला उतार हवा, आणि पाणी मुरू नये म्हणून तळ सिमेंटने बांधलेला. खाली दरडीच्या पायथ्याशी दुसरं गटार. नव्या संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवायची आणि त्यांच्या मागे खडी भरायची. या घराच्या मालकाला भोकं विद्रूप वाटत होती. मी ऐकलं नाही. मागे पाणी तुंबलं की त्याचा दाब चांगली जाड भिंतही ढकलून देतो.

घरातल्या वहिनी मुलांसह मागच्या खोलीत झोपतात. चर होईपर्यंत पुढच्या खोलीत झोपा, असं त्यांना बजावून आलो.

दुपारी 12:30
दोन शेजाऱ्यांचा वाद. खालच्याने गडगा पक्का करून वरच्याचं पाणी अडवलं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात हे उदाहरणासह दिलं आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक ओहोळातून न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खाली येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यायचं. पण वरच्याने छपराचं पाणी पाइपात गोळा करून एकाच जागी खालच्याच्या दारात सोडलं होतं, त्याला नैसर्गिक वाहणं म्हणता येत नाही. हद्दीवर सामाईक गटार काढून ते खालच्या पऱ्यात न्यायचं ठरलं. खर्च निम्मा-निम्मा.

दुपारी 3
सकाळच्या घरी दोऱ्या लावल्या. मालकाच्या वडिलांनी शोषखड्ड्यासाठी जोत्याचा कोपरा दाखवला. मी तो आवाराच्या खालच्या टोकाला, पायापासून लांब नेला.

संध्याकाळी 5:30
मालकाचा मुंबईहून फोन. फरशी उद्या येतेय, आधी तीच बसवून घ्या, गटार दिवाळीत बघू. मी म्हटलं, "दादा, फरशी गणपतीनंतर बसवली तरी चालेल, ढाळ मृगाआधीच हवा." जरा वाद झाला. मग वडिलांनी फोन घेतला आणि जेसीबीवाल्याला सकाळी सातची वेळ दिली.