नैराश्य : घराण्याचा कलंक नव्हे, बरा होणारा आजार

एखाद्या घरात कुणी जीव दिला, की जलदान विधी आटोपून माणसे पांगतात आणि कुजबूज सुरू होते. “त्यांच्या घराण्यातच ते आहे. चुलताही असाच गेला होता.” मग त्या घरच्या मुलीचे ठरत आलेले स्थळ मागे फिरते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यात कुठेही जा, ही कुजबूज ऐकू येते. ज्या समाजाने जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरविणे नाकारले, त्याच समाजाने रक्तावरून माणसाची पारख करावी काय? विज्ञान याविषयी काय सांगते, ते घरातील सर्वांनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. व्यवसायवार पाहिले तर सर्वांत मोठा गट, सुमारे २६ टक्के, रोजंदारीवर राबणाऱ्यांचा होता.

आनुवंशिकतेचा वाटा नाहीच, असे विज्ञान म्हणत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून नैराश्यात तो साधारण ३५ ते ४० टक्के धरतात. उरलेला मोठा वाटा परिस्थितीचा आणि अनुभवांचा. शिवाय जनुक हे काही कपाळावरचे लिखित नव्हे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून दप्तरातलेच उदाहरण देतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचे तेच दप्तर असते. त्यात प्रथिने तयार करण्याच्या सुमारे २० हजार फायली आहेत. पण कार्यालयात रोज सगळ्या फायली उघडत नाहीत. ज्या टेबलाला जी लागते ती निघते, बाकीच्या बांधलेल्या राहतात. मेंदूतही तसेच. जनुकाच्या सुरुवातीपाशी मिथिल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा चिकटल्या, की ती फाईल बहुधा मिटून राहते. आतला मजकूर तोच, पण तो वाचला जात नाही. आणि या खुणा अनुभवाने बदलू शकतात.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली ३६ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ जणांनी आत्महत्या केली होती व बालपणी त्यांचा छळ झाला होता. आणखी १२ जणांनी आत्महत्या केली होती, पण बालपणी छळ नव्हता. उरलेले १२ अन्य कारणांनी गेलेले. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढते. ते खाली आणणारा ब्रेक मेंदूतील एका जनुकावर अवलंबून असतो. पहिल्या गटात त्या जनुकावर खुणा जास्त होत्या व त्याचे काम मंदावले होते. दुसऱ्या गटात तसे आढळले नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून कुणाचे भविष्य सांगता येत नाही. पण बालपणीचे हाल मेंदूत मुक्काम करू शकतात, हे त्यातून दिसले.

त्याच विद्यापीठात २००४ साली उंदरांवर झालेला प्रयोग आशा देणारा आहे. पिलांना कमी चाटणाऱ्या मादीची पिले जन्मताच मायाळू मादीकडे दिली, तेव्हा त्यांच्या जनुकावरील खुणा वाढविणाऱ्या आईसारख्या झाल्या. जन्म कुणाच्या पोटी झाला, यापेक्षा वाढविले कसे हे मोठे ठरले. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी लहानपणीच्या ताणाने मेंदूत होणाऱ्या टिकाऊ बदलांवर संशोधन केले आहे. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

यातून आपण काय घ्यावे? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात. पोटासाठी जाणाऱ्या आईबापांनी अपराधी वाटून घेऊ नये. मात्र मागे राहणाऱ्या मुलाला आजी, मावशी, शिक्षक असे एक तरी हक्काचे, मायेचे माणूस हवे. आणि दारू पिऊन घरात होणारी मारहाण ही ‘नवराबायकोची गोष्ट’ नव्हे. कोपऱ्यात बसून पाहणाऱ्या लेकराच्या मेंदूवरही ती घाव घालते.

घरातल्या कुणाची झोप उडाली, भूक मेली, कशात मन लागेना आणि असे दोन आठवडे चालले, तर ‘आळशी झाला’ म्हणू नका. “मी तुम्हाला भार झालो” असे कुणी बोलले तर जवळ बसा आणि सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नका. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तेथून जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत, विनामूल्य बोलता येते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा, गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि ज्या घरात असे दुःख घडून गेले आहे, त्या घराशी सोयरीक मोडू नका. त्या घरी चहाला जा, मुलांची विचारपूस करा. त्यांच्या रक्तात खोट नाही. त्यांना माणसांची गरज आहे.