स्लॅमचा डाव : आधी मोजणी, मग पान

आपल्या करमाळ्याकडचा शेतकरी उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी बघितल्याशिवाय भरणं धरत नाही. ब्रिजमध्ये स्लॅम बोलणाऱ्यानेही तसेच करावे. मेंढीकोटाप्रमाणे येथेही तेरा हात असतात. लहान स्लॅमला त्यांतले बारा करावे लागतात.

समजा, डाव बिनहुकमी आहे आणि पहिलाच हात विरोधकांनी किलवर एक्क्याने नेला. आता उरलेले बाराही आपल्यालाच हवेत. मोजले, तर खात्रीचे अकराच भरतात. बारावा कोठून आणायचा?

डमीत बदामाचे एक्का, राजा, राणी, दुर्री; आपल्याकडे तीन लहान बदाम. बाहेरचे सहा बदाम तीन-तीन वाटले गेले असतील, तर दुर्रीही हात करील. ही शक्यता शंभरात सुमारे 36. शिवाय डमीत चौकटची एक्का-राणी आहे. आपल्या हातून लहान चौकट खेळून राणी लावायची. राजा डावीकडे असला, तर ती टिकते. ही शक्यता 50.

राणी आधी लावली अन् राजा पडला, की डाव तिथेच बुडाला! बदाम आधी खेळून पाहण्यात मात्र काहीच जात नाही. ते जमले नाही, तर राणी आहेच. या क्रमाने शक्यता सुमारे 68 होते. फक्त आपल्या हातात परतण्यासाठी इस्पिकचा एक्का राखावा. तो घाईने आधीच टाकून मीही एकदा डाव घालवला आहे.

म्हणून जो मार्ग काही न गमावता पाहता येतो, तो आधी पाहावा.