काजवे, काळवीट आणि कॅमेऱ्याची सरासरी

अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळा संपता संपता प्रकाशाची दोन टोके एकाच वेळी अनुभवता येतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर मे महिन्याचे ऊन डोळे दिपवत असते आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यातील झाडे रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. दोन्ही ठिकाणी येणाऱ्या हौशी पर्यटकाच्या हाती खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा असला, तर तो बहुधा ‘ऑटो’वर ठेवलेला असतो, परिणामी दिवसा काळवीट मातकट दिसतो आणि रात्री काजव्यांच्या जागी काळाकुट्ट किंवा धूसर चौकोन उमटतो. हा दोष कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा त्याच्या गृहीतकांचा अधिक आहे. समोरचे दृश्य सर्वसाधारण उजेडाचे आहे आणि त्यात स्पष्ट कडा आहेत, असे धरूनच कॅमेरा आपले निर्णय घेतो.

अशा कॅमेऱ्याचे गुणदोष त्याच्या संवेदकातून, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीतून, उद्भवतात. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतील संवेदक जेमतेम 6.2 मिलिमीटर रुंद आणि 4.6 मिलिमीटर उंच असतो, तर व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तो ‘फुल फ्रेम’ संवेदक 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट मोठा असतो. लहान संवेदकावर एकूण प्रकाश कमी पडतो आणि म्हणून अंधारात चित्रावर रंगीत ठिपक्यांची रवाळ खर, जिला ‘नॉइज’ म्हणतात, लवकर दिसू लागते. मात्र याच लहानपणाचा एक मोठा फायदाही आहे आणि तो काजव्यांच्या संदर्भात पुढे कामास येतो.

संवेदकावर किती प्रकाश पडावा, म्हणजेच ‘एक्स्पोजर’ किती असावे, हे दोन गोष्टी ठरवतात: लेन्समधील छिद्राचा आकार, म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि शटर उघडे राहण्याचा काळ. अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, त्यामुळे एफ 2.8 वर जेवढा प्रकाश आत येतो त्याच्या चौथा हिस्साच एफ 5.6 वर येतो. तिसरी गोष्ट आयएसओ. तिने येणारा प्रकाश वाढत नाही, तर मिळालेला संकेत किती पटींनी वाढवायचा एवढेच ठरते आणि संकेताबरोबर नॉइजही वाढतो. या तिघांचा मेळ घालताना कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असे समजतो की समोरचे दृश्य सरासरीने 18 टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या मध्यम करड्या रंगाइतके उजळ आहे आणि चित्र त्या करडेपणाला येऊन मिळेल असा हिशेब तो मांडतो.

हा हिशेब कोठे फसतो, ते रेहेकुरीला नेमके दिसते. काळविटांसाठी 1980 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता चांगली असते. प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी आणि पोट पांढरेशुभ्र असते. झूम करून नराने चौकट भरली, तर मापकाला सगळीकडे काळेच दिसते, तो जास्त प्रकाश आत घेतो आणि पाठ मातकट होऊन पोटावरचा पांढरा भाग तपशील हरवून बसतो. उलट तोच नर दूर, वाळलेल्या फिकट गवतात आणि मोठ्या आभाळाखाली उभा असेल, तर मापक उजेडाला घाबरून प्रकाश आवरता घेतो आणि काळवीट म्हणजे नुसती काळी आकृती उरते. प्राणी एकच, ऊन तेच, पण दुरुस्ती मात्र उलट दिशेची करावी लागते. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाचे ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ असते: पहिल्या प्रसंगी ते उणे दोन तृतीयांश ते उणे एक आणि दुसऱ्या प्रसंगी तेवढेच अधिक केले की रंग ताळ्यावर येतात. पूर्ण चौकटीऐवजी मधल्या लहानशा भागावरूनच प्रकाश मोजणारे ‘स्पॉट मीटरिंग’ हा दुसरा उपाय आहे.

फोकसची, म्हणजे प्रतिमा संवेदकावर रेखीव पडावी यासाठी लेन्स योग्य जागी आणण्याची, पद्धत याहून वेगळी आहे. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना समोरच्या वस्तूचे अंतर थेट मोजता येत नाही. बटण अर्धे दाबले की लेन्स मागे-पुढे सरकते, प्रत्येक जागी शेजारच्या बिंदूंमधील उजेडाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, तपासला जातो आणि तो सर्वाधिक जेथे भरतो तेथे लेन्स थांबून पडद्यावर हिरवी चौकट दिसते. त्यामुळे कॅमेरा प्राण्याला ओळखत नसून कडांना ओळखतो आणि काळविटाच्या पुढ्यात उन्हाने चकाकणारी गवताची पाती असतील, तर तो बिनदिक्कत त्यांच्यावर स्थिरावतो. फोकसची चौकट आपोआप निवडू न देता मध्यभागी बांधून ठेवणे, ती प्राण्याच्या मानेवर किंवा डोळ्याजवळ धरून बटण अर्धे दाबणे आणि ते तसेच दाबून ठेवून मग हवी ती चौकट साधणे, एवढ्याने हा घोटाळा टळतो. दुपारी तापलेल्या माळावरून उठणाऱ्या हवेच्या थरथरीवर मात्र कोणतीही सेटिंग चालत नाही. त्यासाठी सकाळी लवकर जाणे हाच उपाय आहे.

अकोले तालुक्यातील साम्रदजवळच्या सांदण दरीत अडचण आणखी वेगळी असते. दोन उंच कड्यांमधील त्या अरुंद फटीत तळाचा खडक अंधारात आणि वरची आभाळाची पट्टी झगझगीत असते, आणि दोन्ही टोकांचा तपशील एकाच छायाचित्रात टिपण्याची क्षमता लहान संवेदकात नसते. वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे जोडणारा ‘एचडीआर’ मोड तेथे उपयोगी पडतो, नाहीतर आभाळ चौकटीबाहेर ठेवणे श्रेयस्कर असते.

खरी कसोटी लागते ती काजव्यांपाशी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर मेअखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णताविरहित असा पिवळसर हिरवा प्रकाश बाहेर पडतो. संवेदकावरील रंगगाळण्यांपैकी निम्म्या हिरव्या असल्याने हा रंग टिपण्यास कॅमेरा तसा अनुकूल असतो. अडचण उजेडाच्या अत्यल्प प्रमाणाची आणि क्षणिकतेची असते. कॉन्ट्रास्ट शोधणारी लेन्स अशा वेळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नुसती फिरत राहते, कारण अंधारात कडा दिसत नाहीत आणि काजवा पेटल्या-विझल्याने होणारा बदल लेन्स सरकल्याने झाला की काय, हे तिला कळत नाही.

येथे संवेदकाचे लहानपण मदतीला येते. लहान संवेदकासाठी लेन्सचे केंद्रांतरही लहान लागते आणि केंद्रांतर जितके कमी तितका एकाच वेळी रेखीव दिसणारा पल्ला मोठा होतो. साधारण 4.5 मिलिमीटर केंद्रांतर आणि एफ 2.8 अ‍ॅपर्चर असताना दीड मीटरवर फोकस बांधला, तरी सुमारे पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. म्हणून झूम अजिबात न करता फोकस हाताने ठरवावा, किंवा डोंगराचे चिन्ह असलेला दूरचा फोकस निवडावा. ही सोय नसल्यास आतषबाजीचा मोड घ्यावा, कारण अनेक कॅमेऱ्यांत त्यात फोकस आपोआप अनंतावर जातो. झूम टाळण्याचे दुसरे कारण असे, की लेन्स लांबवली की अ‍ॅपर्चर आकुंचन पावते आणि आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी घटतो.

एक्स्पोजरबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. शटर 15 सेकंद उघडे ठेवल्याने काजवा पंधरापट उजळ होत नाही, कारण उडता काजवा संवेदकावरील एका बिंदूवर क्षणभरच पडतो आणि पुढे सरकतो. त्याच्या रेघेचा उजळपणा अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांवर अवलंबून असतो. शटरचा काळ वाढवल्याने फक्त रेघांची आणि ठिपक्यांची संख्या वाढते. आभाळ आणि दूरच्या गावातले दिवे मात्र एकाच जागी असल्याने प्रत्येक सेकंदागणिक उजळत जातात आणि शेवटी काजव्यांनाच गिळतात. त्यामुळे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ 400 ते 800 आणि शटर 8 ते 15 सेकंद ही सुरुवात योग्य ठरते. कॅमेरा तिपाईवर असावा, बटण दाबताना बसणारा हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि प्रकाशाचा रंग ठरवणारे ‘व्हाइट बॅलन्स’ ऑटोऐवजी सूर्यप्रकाशावर ठेवावे, म्हणजे मूळ पिवळा-हिरवा रंग टिकतो. छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ अडून राहिल्यासारखा वाटला, तर तो बिघडलेला नसतो. शटर बंद ठेवून तो आणखी एक काळी प्रतिमा घेतो आणि तिच्यातील नॉइज पहिल्या चित्रातून वजा करतो. झाडच्या झाड काजव्यांनी भरलेली जी चित्रे प्रसिद्ध होतात, त्यांपैकी अनेक अशा बऱ्याच प्रतिमा संगणकावर एकमेकींवर रचून तयार केलेली असतात. ती एका क्षणाची नसून कित्येक मिनिटांच्या काळाची नोंद असते.

फ्लॅशचा येथे काडीचाही उपयोग नाही. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार-पाच मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही आणि जेथे पोहोचतो तेथे काजव्याचा उजेड पुसून टाकतो. त्याहून गंभीर बाब अशी, की नर-मादी एकमेकांना शोधतात ते याच लुकलुकण्याच्या खुणांवरून. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे असते आणि कृत्रिम झोताने खुणा बुजल्या की मीलनाची संधी हुकते. म्हणून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनी फ्लॅश बंद करावा, अंधारात फोकससाठी आपोआप पेटणारा मदतीचा दिवा मेनूतून बंद करावा, पडद्याचा उजेड कमी करावा आणि ही सर्व जुळवाजुळव दिवस मावळण्यापूर्वीच उरकून घ्यावी. अंधार पडल्यावर विजेरी लावून मेनूत शोधाशोध करणाऱ्याला ना छायाचित्र मिळते, ना शेजारी उभ्या असलेल्यांना काजवे दिसतात.