करंज काटक खरा. पण पहिले तीन उन्हाळे जपावे लागतात

नवी दिल्ली : जुलैचा पहिला आठवडा देशभर वनमहोत्सव म्हणून साजरा होतो. तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये या उपक्रमाची सुरुवात केली. रोपे लावण्याचा उत्साह तेव्हापासून टिकून आहे. लावलेले रोप पुढच्या मे महिन्यात जिवंत आहे का, हे मात्र तितक्या आस्थेने पाहिले जात नाही. सावलीसाठी रस्त्यांच्या कडेला आणि वसाहतींमध्ये लावला जाणारा करंज याचे उत्तम उदाहरण आहे. ‘काटक झाड’ ही ख्यातीच अनेकदा त्याच्या रोपांच्या मुळावर येते.

मराठी आणि हिंदीत करंज, कन्नडमध्ये होंगे, तेलुगूत कानुगा, तर तमिळमध्ये पुंगम अशा नावांनी हा वृक्ष ओळखला जातो. तो मूळचा नदीकाठचा आणि समुद्रकिनाऱ्यालगतचा. त्यामुळे खारवट जमीन आणि काही काळ साचलेले पाणी तो सोसतो. मुळे खोल गेल्यावर पाण्याचा ताणही सहन करतो. शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतो.

सावलीच्या दृष्टीने त्याचे पानगळीचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. हिवाळा सरताना करंजाची पाने झडतात आणि थोड्याच काळात तकतकीत नवी पालवी फुटते. ऊन तापू लागते तेव्हा झाड पुन्हा गर्द झालेले असते. याच सुमारास येणाऱ्या फिकट जांभळट फुलांवर मधमाश्यांची वर्दळ असते.

लागवडीसाठी साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवावा. वरच्या थरातील मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. कच्च्या शेणखतामुळे वाळवीचा त्रास वाढतो. पहिले एक-दोन दमदार पाऊस झाल्यानंतर रोप लावावे. ईशान्य मोसमी पावसावर अवलंबून असलेल्या तमिळनाडूच्या किनारपट्टीत ही वेळ ऑक्टोबरच्या सुमारास येते. प्लास्टिकची पिशवी पूर्णपणे काढावी, गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत आणि खोडाचा बुंधा जमिनीच्या पातळीतच राहील याची दक्षता घ्यावी. खोडाभोवती मातीचा ढीग रचल्यास बुंधा कुजण्याचा धोका असतो. मुळे आणि फांद्या दूरवर पसरत असल्याने भिंती व जलवाहिन्यांपासून चार-पाच मीटरचे अंतर ठेवणे हिताचे.

खरी कसोटी पाऊस थांबल्यावर लागते. रोपाची मुळे या काळात वरच्या थरातच असतात आणि तोच थर सर्वांत आधी कोरडा पडतो. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा, प्रत्येक वेळी १५ ते २० लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज शिंपडलेल्या तांब्याभर पाण्याने मुळे वरच रेंगाळतात. भरपूर पण अंतराने दिलेले पाणी त्यांना खाली ओढते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी हे अंतर वाढवत न्यावे. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओलावा टिकतो. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत कोवळ्या रोपांना रात्री आडोसा करावा.

करंज खालूनच फांद्या फोडतो. पादचाऱ्यांना अडथळा होऊ नये म्हणून खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढत खोड दोन-अडीच मीटरपर्यंत मोकळे करावे. शेंडा छाटणे टाळावे. त्यातून फुटणाऱ्या फांद्या कमकुवत असतात आणि वादळात मोडतात. पानांवर सूक्ष्म कोळ्यांमुळे फोडासारख्या गाठी येतात. त्या पाहून फवारणीची घाई करण्याचे कारण नाही. झाडाला त्यांचा सहसा मोठा अपाय होत नाही.

आधाराची दोरी आणि लोखंडी जाळी वेळीच न काढल्यास ती खोडात रुतते. बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीटही तितकेच घातक; मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट हटविण्याचा आदेश दिला होता. फरसबंदी करताना तेवढी माती मोकळी ठेवणे कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला शक्य आहे.

तीन उन्हाळे पार केलेला करंज पुढे फारशी देखभाल मागत नाही. त्यामुळे रोपांची संख्या ठरवताना जुलैतील खड्ड्यांपेक्षा मे महिन्यात पाणी घालणारे हात किती आहेत, हे आधी मोजणे श्रेयस्कर. पन्नास रोपे लावून विसरण्यापेक्षा पाच जगविली, तर सावली लवकर मिळते.